साहेबांनी पोस्ट टाकली, बँकेनं हिशेब बदलला

नाशिककडच्या अंबड, सातपूर, सिन्नर, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांची लिंक्डइनवरची पानं चाळून बघा. नवं मशीन आलं, नारळ फुटला, फोटो. मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळाली, पुष्पगुच्छ, फोटो. यंदा उलाढाल अमुक कोटींवर नेणार असा संकल्प, खाली दोनशे लाइक. यात वाईट काही नाही. धंदा करणाऱ्यानं आपला डंका आपणच वाजवायचा असतो. पण त्याच कारखान्याच्या कपाटात बँकेचं सँक्शन लेटर, म्हणजे कर्जमंजुरीचं पत्र असतं, ग्राहक कंपनीशी केलेला गुप्ततेचा करार असतो, कधी गुंतवणूकदाराशी झालेला करारही असतो. त्या कागदांतली कलमं आणि साहेबांची पोस्ट यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे फारसं कुणाच्या डोक्यात येत नाही.

हा संबंध सगळ्यात स्वच्छ दिसतो तो अमेरिकेतल्या एका भांडणात. म्हणून आधी तिकडे जाऊ, मग नाशिकला परत येऊ.

७ ऑगस्ट २०१८ रोजी भर बाजार चालू असताना टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी ट्विटरवर लिहिलं की टेस्ला ४२० डॉलरला खासगी करण्याचा विचार करतोय, पैशांची सोय झालेली आहे. इंग्रजीत मोजून नऊ शब्द. खासगी करणं म्हणजे लोकांकडचे शेअर एका ठरावीक भावानं विकत घ्यायचे आणि कंपनी शेअर बाजारातून काढून घ्यायची. त्या दिवशी शेअर सुमारे ११ टक्के चढला, मध्येच काही वेळ व्यवहार थांबवावे लागले. पुढं अमेरिकेच्या बाजार नियामकानं, म्हणजे एसईसीनं, कोर्टात सांगितलं की २० टक्के जास्तीच्या हिशेबानं भाव ४१९ येत होता, तो मस्क यांनी ४२० केला, कारण तिकडे हा आकडा गांजाशी जोडला जातो आणि मैत्रिणीला गंमत वाटेल असं त्यांना वाटलं. अब्जावधींच्या कंपनीचा भाव असाही ठरू शकतो.

या ट्वीटवरून दंड झाला, खटले झाले, ते बहुतेकांनी ऐकलेलं असतं. कमी ऐकलेली गोष्ट जेपी मॉर्गन बँकेची आहे. टेस्लानं २०१४ मध्ये रोखे काढून पैसा उभा केला, तेव्हा त्याच व्यवहाराचा भाग म्हणून या बँकेला वॉरंट विकले होते. वॉरंट म्हणजे पुढं एका ठरलेल्या भावानं शेअर घेण्याचा हक्क. ठरलेला भाव होता ५६०.६४ डॉलर आणि मुदत २०२१च्या मध्यापर्यंत.

हे कांद्यावर घेतलं की चटकन कळतं. समजा निफाडला तुमच्या चाळीत उन्हाळ कांदा भरलाय आणि आज भाव १,५०० रुपये क्विंटल आहे. एक व्यापारी म्हणतो, "दादा, दिवाळीत हा कांदा २,५०० रुपयांनी घेण्याचा हक्क मला द्या. घेईनच असं नाही, पण त्या हक्काचे क्विंटलला शंभर रुपये आजच देतो." व्यापारी वेडा नाही. कांद्याचा भाव कसा उसळतो हे त्याला लासलगावच्या बाजारात बसून पाठ झालंय. दिवाळीत भाव ४,००० झाला तर दिलेले शंभर वजा जाता क्विंटलमागे १,४०० सुटले, नाही झाला तर शंभरावर पाणी. त्याच्या हक्काला जी किंमत आहे ती या चढउताराची आहे.

आता श्रावणातच तुम्ही गावात जाहीर केलंत की चाळीतला सगळा कांदा एका कंपनीला १,८०० रुपयांनी एकगठ्ठा देऊन टाकायचा विचार आहे. व्यापाऱ्याचा हक्क तिथंच मातीमोल. १,८०० ला जाणारा माल २,५०० नं घेण्याचा हक्क कुणाला हवाय? म्हणून हुशार व्यापारी आधीच लिहून घेतो की मुदतीच्या आत असा एकगठ्ठा सौदा जाहीर केलात, तर माझा २,५०० चा भाव खाली आणायचा, आणि किती खाली आणायचा त्याचा हिशेब मी करणार.

जेपी मॉर्गननं नेमकं हेच लिहून घेतलेलं होतं. करारात 'घोषणा' या प्रसंगासाठी वेगळं कलम होतं आणि फेरहिशेब करण्याचं काम बँकेकडंच होतं. ट्वीटनंतर साधारण आठवड्याभरानं बँकेनं टेस्लाला कळवलं की ठरलेला भाव आता ४२४.६६ डॉलर. २४ ऑगस्टला मस्क यांनी विचार सोडून दिल्याचं जाहीर केलं. बँकेनं भाव पुन्हा वर नेला, पण जुन्या जागी नाही. ४८४.३५ वर आणून ठेवला.

इथं जरा थांबायला हवं. बेत रद्द झाला, तर भाव आपोआप ५६० वर परत जायला हवा असं साध्या माणसाला वाटेल. टेस्लाचंही म्हणणं साधारण हेच होतं: काही घडलंच नाही, मग फेरबदल कसले? पण बँकेचा हिशेब फक्त शेअरच्या भावावर चालत नाही. तो शेअर पुढं किती उसळेल याबद्दल बाजाराचा जो अंदाज असतो त्यावर चालतो, आणि त्या सतरा दिवसांत तो अंदाज बदललेला होता. शब्द मागे घेतला, अंदाज मागे गेला नाही. बँकेनं संधी साधून स्वतःची पोळी भाजून घेतली, असा आरोप टेस्लानं केला. बँकेनं म्हटलं, आम्ही कराराबाहेर पाऊलही टाकलेलं नाही.

२०१८ मध्ये हा वाद कागदावरचाच होता, कारण शेअर कुठल्याच भावाच्या जवळपास नव्हता. मग टेस्ला अशी काही पळाली की २०२१ मध्ये वॉरंटची मुदत संपताना शेअर त्या भावांच्या कितीतरी पट वर होता, मधल्या काळात एकाचे पाच शेअर झाले होते ते धरूनसुद्धा. आता ५६० आणि ४८४ यांतल्या फरकाला खणखणीत पैशाचा अर्थ आला. टेस्लानं जुन्या भावानं हिशेब मिटवला. बँकेनं नव्या भावानं मागितला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये १६.२ कोटी डॉलरचा दावा ठोकला. जानेवारी २०२२ मध्ये टेस्लानं उलट दावा केला. तीन वर्षं हे चाललं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये दोघांनी आपापले दावे मागे घेतले. त्यामुळं अंतिम निकाल लागलाच नाही.

माझ्या मते या प्रकरणातून शिकण्यासारखी गोष्ट रक्कम नव्हे. एकाच ट्वीटची तीन ठिकाणी झाडाझडती झाली आणि तिन्हीकडं वेगवेगळं घडलं, ते बघण्यासारखं आहे. एसईसीनं सप्टेंबर २०१८ मध्ये दिशाभूल केल्याचा दावा लावला. दोनच दिवसांत तडजोड झाली: मस्क यांना २ कोटी डॉलर, टेस्लाला २ कोटी डॉलर दंड, मस्क यांनी तीन वर्षं अध्यक्षपद सोडायचं, आणि कंपनीबद्दलची महत्त्वाची ट्वीट आधी तपासून घ्यायची. ही शेवटची अट काढून टाकावी म्हणून ते थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एप्रिल २०२४ मध्ये त्या न्यायालयानं प्रकरण ऐकायलाच नकार दिला. दुसरीकडं, नुकसान झालेल्या गुंतवणूकदारांनी केलेल्या खटल्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीनं फेब्रुवारी २०२३ मध्ये मस्क यांना मोकळं सोडलं. आणि तिसरीकडं बँकेचं भांडण यातल्या कुठल्याच निकालाची वाट न बघता आपल्या वाटेनं चालू राहिलं.

असं का? कारण प्रश्नच वेगळे होते. नियामक विचारतो, लोकांची दिशाभूल झाली का? गुंतवणूकदारांच्या खटल्यात विचारलं जातं, खोटं होतं का, जाणूनबुजून होतं का, त्यामुळंच नुकसान झालं का? करारातलं कलम मात्र एवढंच विचारतं की घोषणा झाली का, आणि ज्यानं करायची त्यानं केली का. खरी की खोटी याच्याशी त्या कलमाला देणंघेणं नाही. ट्वीट शंभर टक्के खरं असतं तरी बँकेनं भाव खाली आणलाच असता, किंबहुना जास्त ठामपणे आणला असता. "माझ्या मनात तसं नव्हतं" हा बचाव नियामकापुढं थोडाफार चालू शकतो. कलमापुढं तो सांगून उपयोग नसतो, कारण मनात काय होतं हे कलमानं विचारलेलंच नाही.

मग पुढचा प्रश्न येतो की मालकाचं वैयक्तिक खातं म्हणजे कंपनीचं तोंड कसं काय? इथं टेस्लानं स्वतःच दार उघडून ठेवलं होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीनं एसईसीकडं रीतसर कळवलं होतं की कंपनीची माहिती हवी असेल तर मस्क यांचं ट्विटर खातंही बघत जा. त्या वर्षी असं कळवण्याला एक कारण होतं. जुलै २०१२ मध्ये नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी आपल्या फेसबुक पानावर लिहिलं की महिन्यातलं एकूण बघणं पहिल्यांदाच एक अब्ज तासांच्या वर गेलं. आनंदाची बातमी, दोन ओळी. एसईसीनं चौकशी लावली, कारण ही माहिती आधी सगळ्या गुंतवणूकदारांना मिळायला हवी होती. एप्रिल २०१३ मध्ये एसईसीनं भूमिका स्पष्ट केली: समाजमाध्यमावर माहिती द्यायला हरकत नाही, पण कुठल्या खात्यावर देणार ते गुंतवणूकदारांना आधी सांगून ठेवा.

खात्याच्या ओळखीत "मतं वैयक्तिक" लिहून ठेवलं की झालं, असं बरेच जण धरून चालतात. कारकुनाच्या बाबतीत ते कदाचित चालेल. ज्याच्या सहीनं कंपनीचं कर्ज उचललं जातं, त्याच्या खात्यावरच्या त्या दोन शब्दांना किती वजन मिळेल याबद्दल मला तरी शंका आहे. फ्रान्चेस्काज नावाच्या अमेरिकन कपड्यांच्या कंपनीचे वित्तप्रमुख जीन मॉर्फिस यांनी मार्च २०१२ मध्ये ट्वीट केलं होतं, त्याचा अर्थ इतकाच: संचालक मंडळाची बैठक, आकडे छान, मंडळ खूश. आकडा एकही सांगितलेला नाही, पण निकाल अजून जाहीर व्हायचे होते. दोन महिन्यांत नोकरी गेली.

याच मस्क यांनी एप्रिल २०२२ मध्ये ट्विटर ही कंपनी ४४ अब्ज डॉलरला घ्यायचा करार केला, तेव्हा समोरच्या वकिलांनी पक्षकार ओळखून कलम लिहिलं होतं. व्यवहाराबद्दल ट्वीट करायला मुभा, पण कंपनीची किंवा तिच्या प्रतिनिधींची नालस्ती करता कामा नये. मे महिन्यात मस्क यांनी "सौदा तात्पुरता थांबवलाय" असं लिहिलं. मुंबई आयआयटीत शिकलेले पराग अग्रवाल तेव्हा ट्विटरचे प्रमुख होते. त्यांनी बनावट खाती कशी मोजतात हे सविस्तर समजावलं, तर उत्तरादाखल मस्क यांनी विष्ठेचं चित्र पाठवलं. जुलैमध्ये ट्विटरनं डेलावेअरच्या न्यायालयात दावा लावला, तेव्हा ही सगळी पोस्टबाजी, त्या चित्रासकट, दाव्याच्या कागदांत होती. ऑक्टोबरमध्ये मस्क यांना ठरलेल्या भावानंच कंपनी घ्यावी लागली.

आता आपल्याकडं येऊ.

२ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी ९ वाजून ५८ मिनिटांनी ओला इलेक्ट्रिकचे भाविश अग्रवाल यांनी एक्सवर, म्हणजे आधीच्या ट्विटरवर, जाहीर केलं की त्याच महिन्यात कंपनीची दुकानं ४,००० वर नेणार. मुंबई शेअर बाजाराला ही माहिती पोचली दुपारी १.३६ ला आणि राष्ट्रीय शेअर बाजाराला १.४१ ला. जानेवारी २०२५ मध्ये सेबीनं, म्हणजे आपल्या बाजार नियामकानं, कंपनीला प्रशासकीय इशारा दिला.

यातली मेख बारकाईनं बघण्यासारखी आहे. सेबीच्या २०१५ च्या सूचिबद्धता नियमांतला ३० वा नियम सांगतो की कंपनीतूनच निघालेली महत्त्वाची माहिती १२ तासांत बाजाराला कळवा. बाहेरून आलेल्या माहितीला २४ तास. संचालक मंडळाच्या बैठकीत ठरलेलं असेल तर बैठक संपल्यापासून ३० मिनिटं, आणि बैठक बाजार बंद झाल्यावर संपली असेल तर तीन तास. घड्याळ लावून बघितलं तर ओलानं चार तासांच्या आत कळवलं होतं. मग चुकलं काय? क्रम चुकला. नियमात 'आधी शेअर बाजाराला' असं आहे. एक्सवर ज्यानं पोस्ट वाचली त्याला सुमारे पावणेचार तास आधी माहिती मिळाली, आणि जो एक्सवर नाही, अशा सटाण्याच्या निवृत्त गुरुजींना ती उशिरा मिळाली. शेअर मात्र दोघांकडंही तेच.

नाशिककरांना हे लांबचं वाटायचं कारण नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला ज्यांचे द्राक्षमळे आपण येता-जाता बघतो ती वाइनवाली सुला कंपनी डिसेंबर २०२२ पासून दोन्ही शेअर बाजारांत आहे, म्हणजे तिला हे नियम लागू आहेत. शिवाय छोट्या कंपन्यांसाठीच्या बाजारमंचावर हल्ली मध्यम कारखानेही शेअर काढतात, आणि ३० वा नियम तिथंही सुटत नाही. अशा कंपनीत काल-परवापर्यंत मालक मनाला येईल ते फेसबुकवर लिहीत असतो. शेअर नोंदला गेला त्या दिवसापासून त्याची "देवाच्या कृपेनं ही तिमाही जोरदार" ही ओळसुद्धा जाहीर न झालेली, भावावर परिणाम करणारी माहिती ठरू शकते. तिमाही संपल्यापासून निकाल लागून ४८ तास होईपर्यंत आतल्या माणसांना शेअरची खरेदी-विक्री बंद असते, ती याच माहितीच्या भीतीनं. त्याच काळात उत्साह जास्त असतो, हा मनुष्यस्वभाव.

पण नाशिकचे बहुसंख्य कारखाने शेअर बाजारात नाहीत. प्रायव्हेट लिमिटेड, भागीदारी, नाहीतर एकट्याची फर्म. त्यांना सेबी विचारणार नाही. त्यांच्याकडं कोण विचारतं? सगळ्यात आधी बँक.

सँक्शन लेटरच्या शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात अटी असतात. बँकेला विचारल्याशिवाय दुसरं कर्ज घेणार नाही, मोठा विस्तार करणार नाही, मालकीत बदल करणार नाही, आणि ज्या कामाला पैसे दिले त्याच कामाला वापरणार. समजा एका कारखानदाराला कच्चा माल आणि उधारी सांभाळायला सीसी लिमिट, म्हणजे कॅश क्रेडिटची मर्यादा मिळालीय. तो तळेगाव-अक्राळ्याच्या नव्या वसाहतीतल्या प्लॉटवर भूमिपूजनाचा फोटो टाकतो आणि अभिमानानं लिहितो, "एक रुपयाचं नवं कर्ज न घेता." खाली शंभर अभिनंदनं. त्याच फोटोकडं बँकेतली क्रेडिट बघणारी मॅडम वेगळ्या नजरेनं बघते. नवं कर्ज नाही, ताळेबंदात इतकी शिल्लक नाही, मग प्लॉटचे पैसे आले कुठून? सीसीतून आले असतील तर रोजच्या वापराचा पैसा दीर्घ मुदतीच्या मालमत्तेत गेला, आणि रिझर्व्ह बँकेच्या भाषेत त्याला निधी वळवणं म्हणतात. हा साधा शेरा नव्हे. हेतुपुरस्सर कर्ज बुडवणारा ठरवताना जे प्रकार बघितले जातात, त्यात तो आहे.

कदाचित पैसे खरोखर घरचे असतील, बायकोच्या नावची जमीन विकून आलेले. तरी त्या फोटोनं एक पत्र येणार, खुलासा द्यावा लागणार, आणि नूतनीकरणाची फाइल दोन महिने टेबलावर पडून राहणार. तेवढ्यात स्टीलचा भाव वाढला की झालं.

दुसरा विचारणारा म्हणजे ग्राहक. मोठ्या वाहन कंपन्यांचे किंवा ओझरच्या विमान कारखान्यासारख्या ठिकाणचे व्हेंडर गुप्ततेचा करार करतात आणि तो फाइलला लावून विसरतात. पोस्टमध्ये ग्राहकाचं नाव लिहू नये एवढं बहुतेकांना माहीत असतं. घोळ फोटोत होतो. पार्टची मापं तपासायच्या सीएमएम रूममध्ये पाहुण्यांसोबत उभं राहून फोटो काढला, मागं भिंतीवर ड्रॉइंग चिकटवलेलं. मोबाइलचे कॅमेरे आता असे आहेत की दोन बोटांनी मोठं केलं की पार्ट नंबर, रिव्हिजन, टॉलरन्स, सगळं वाचता येतं. करारात भंगासाठी ठरावीक रक्कम लिहिलेली असेल, तर पुढचं सगळं त्या फोटोवर चालतं. फोटो काढायचाच असेल तर कॅन्टीनमध्ये काढावा, तिथं फक्त जेवणाचा मेनू असतो.

मग येतात वसुलीची भांडणं, आणि इथं पोस्ट सर्वाधिक कामाला येते असं मला वाटतं. एक काल्पनिक प्रसंग घेऊ. सातपूरच्या फॅब्रिकेटरनं सिन्नरच्या कंपनीला टाक्या आणि पाइपिंग करून दिलं. बिल १ कोटी १२ लाख, पैसे अडकले. फॅब्रिकेटरनं दिवाळखोरी संहितेखाली नोटीस पाठवली. त्यासाठी थकबाकी किमान एक कोटी लागते. नोटिशीला दहा दिवसांत उत्तर द्यायचं असतं. कंपनीनं उत्तर दिलं: मालच सदोष होता, वेल्डिंग गळतंय, वाद आधीपासून आहे. 'आधीपासून वाद' हे शब्द वकिलांनी विचार करून घातलेले असतात. नोटिशीआधीच खरोखर वाद असेल तर कंपनी कायदा न्यायाधिकरण असा अर्ज दाखलच करून घेत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या मोबिलॉक्स प्रकरणात हे स्पष्ट केलंय, आणि सोबत असंही सांगितलंय की वाद नुसता तोंडदेखला, पुराव्याशिवायचा असून चालणार नाही.

आता फॅब्रिकेटरच्या मुलानं सहज लिंक्डइन उघडलं. त्याच कंपनीच्या एमडींची तीन महिन्यांपूर्वीची पोस्ट: प्लांट वेळेआधी सुरू झाला, पहिल्याच दिवसापासून पूर्ण क्षमतेनं, आमच्या व्हेंडर भागीदारांना सलाम. फोटोत मागं त्याच टाक्या. वेल्डिंग गळत होतं, तर सलाम कशाला? नुसत्या पोस्टवर निकाल लागेल असं नाही. समोरचा म्हणेल की गळती नंतर लागली, किंवा पोस्ट मार्केटिंगच्या पोरानं लिहिली, मी फक्त हो म्हटलं. पण बिलातून रक्कम कापल्याची डेबिट नोट नाही, रिजेक्शनची मेल नाही, आणि वर असा जाहीर सलाम, मग 'आधीपासूनचा वाद' फार लंगडा दिसतो.

उलटही होतं. पैसे मागणाऱ्यानंच रागाच्या भरात फेसबुकवर कंपनीला "चोर, बुडवे" म्हणून टाकलं, तर वसुलीचा दावा राहतो बाजूला आणि अब्रुनुकसानीची नोटीस आधी हातात पडते. द्राक्ष हंगामात पैसे बुडवून पळालेल्या व्यापाऱ्यांबद्दल पिंपळगाव, दिंडोरी भागात असा संताप दर दोन-चार वर्षांनी उसळतो, आणि तो समजण्यासारखाही आहे. तरी पोलिसांत तक्रार आणि सौदापावती ही पोस्टच्या आधी.

अंगठ्याचं चित्र पाठवलं तर करार होतो का, हे हल्ली प्रत्येक जण विचारतो. कॅनडात झाला. सॅस्कॅचवान प्रांतातल्या एका जवसाच्या शेतकऱ्यानं धान्य खरेदी करणाऱ्या कंपनीच्या कराराच्या फोटोला मोबाइलवर अंगठा पाठवला, माल दिला नाही, आणि २०२३ मध्ये न्यायालयानं ८२,२०० कॅनेडियन डॉलर भरायला लावले. अपिलातही २०२४ मध्ये तेच कायम राहिलं. पण त्या दोघांचे आधीचे सौदे असेच 'ओके', 'बरं' म्हणून झाले होते आणि पाळलेही गेले होते, हे न्यायालयानं पाहिलं. नुसता अंगठा कुठंही सहीच ठरतो असा त्याचा अर्थ काढू नये. आपल्याकडं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं झाला म्हणून करार रद्दबातल ठरत नाही, आणि २०१० च्या ट्रायमेक्स-वेदांत प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ईमेलवर ठरलेला सौदा मानला होता.

करार लिहिताना काय करावं, हे विचारणाऱ्यांना मी एकच कलम आवर्जून सुचवतो: 'जाहीर घोषणा' म्हणजे काय आणि ती कुणी केली तर धरायची, हे लिहून टाका. एमडीच्या वैयक्तिक खात्यावरची पोस्ट त्यात धरायची की नाही, त्याच्या मुलानं टाकली तर, व्हॉट्सॲपचं स्टेटस धरायचं की नाही. चुकीची पोस्ट गेलीच तर ती दुरुस्त करायला किती तास मिळतील. एकमेकांचं नाव वापरायला कुणाची लेखी परवानगी लागेल. पानभर होतं. वकील कुरकुरतात, पण टेस्ला आणि बँकेचं भांडण 'घोषणा' या एका गोष्टीभोवतीच तीन वर्षं फिरलं.

आणि भांडण लागलंच, तर पुरावा नीट सांभाळावा लागतो. व्हॉट्सॲपवर आलेला स्क्रीनशॉट छापून वकिलाच्या हातात दिला की काम झालं असं नसतं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० रोजी ठामपणे सांगितलं ते आपल्याच जालन्याच्या प्रकरणात. २०१४ ची विधानसभा, अर्जुन खोतकरांची निवडणूक, आणि उमेदवारी अर्ज किती वाजता भरला हे दाखवणारं चित्रीकरण. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ही अट कलम ६३ मध्ये आली असून प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. एक ज्याच्या ताब्यात उपकरण आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि दोन्हीत फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलवरून गणितानं काढलेली आकडे-अक्षरांची ओळ. फाइलमध्ये एक ठिपका बदलला तरी ती बदलते.

ज्याची पोस्ट अडचणीची आहे तो ती उडवायला धावतो. वाद सुरू झाल्यावर ते करू नये. हातातला पुरावा दिला नाही तर तो तुमच्या विरुद्धच होता असं न्यायालय धरू शकतं, आणि समोरच्याकडं स्क्रीनशॉट बहुधा असतोच. ज्याला पोस्ट वापरायची आहे त्यानं तिचा पूर्ण पत्ता, तारीख, वेळ, टाकणाऱ्याचं खातं दिसेल असं जतन करावं, शक्य असेल तर त्याच दिवशी तज्ज्ञाकडून हॅश काढून घ्यावा. आणि स्क्रीनशॉट ज्या फोनमध्ये काढलाय तो फोन निकाल लागेपर्यंत दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये देऊन टाकू नये.